मंडळीचे दप्तर : नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या चर्चच्या वह्या वाचवताना ठेवलेल्या नोंदी

अमेरिकन मराठी मिशनच्या काळात नगर जिल्ह्यात गावोगावी मंडळ्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती लोकांची चर्चे, उभ्या राहिल्या. १९२४ मध्ये त्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा त्यात आल्या. पाट्या बदलल्या, कागद मात्र जिथल्या तिथे राहिले. अशाच एका मंडळीच्या दप्तराचे हे काम आहे. गावाचे नाव मंडळीच्या इच्छेप्रमाणे देत नाही. शेजारच्या गावात कोणी हेच करायला घेतले तर त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून लिहीत आहे.

८ जानेवारी २०२५

पहिली अडचण कागदांची नव्हती, परवानगीची होती. पास्टरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीला, फोटो काढू द्यायची धास्ती वाटते, आणि त्याला कारण आहे. चर्चच्या जमिनींवरून ठिकठिकाणी वाद चालू आहेत. जुन्या पेटीत हात घालणारा माणूस बक्षीसपत्र शोधायला आला असेल, अशी शंका येणारच. तोंडी समजावून काम होईना. शेवटी एका पानाचे पत्र लिहून दिले, त्यावर सह्या झाल्या. त्यात चार गोष्टी आहेत : जमिनीच्या कागदांचे फोटो काढले जाणार नाहीत, मूळ वही कमिटीला विचारल्याशिवाय आवाराबाहेर जाणार नाही, फोटोंची मालकी मंडळीची, आणि काय जाहीर करायचे ते कमिटी ठरवील. हे पत्र आधी करावे. पाळकसाहेब (मंडळीचे पास्टर) म्हणाले, “जमीन सोडून बाकी सगळं बघा.” तेवढ्यावर पेटी उघडली.

१२ जानेवारी

पत्र्याची पेटी, आत लाल कापडात बांधलेले दप्तर. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि पुरण्याच्या वह्या, सभासदांच्या याद्या, मंडळीच्या सभांचे इतिवृत्त, वर्गणीचे हिशेब, ‘ज्ञानोदया’चे सुटे अंक. हे पत्र १८४२ साली नगरलाच सुरू झाले आणि गावच्या मंडळ्यांच्या बातम्या, मृत्युवार्ता त्यात छापून येत, त्यामुळे वह्यांतल्या तारखा ताडून पाहायला त्याचा उपयोग होईल.

अवस्था : दोन वह्यांना वाळवी लागून गेलेली, कोपरे गायब. बऱ्याच पानांना कसर. एका वहीची पाने कोणीतरी सेलोटेपने चिकटवली होती. टेप वाळून गळून गेली आहे, खाली पिवळा चिकट पट्टा आणि त्याखाली अक्षर. तो पट्टा काढायचा प्रयत्न करू नये, कागदाचा थर त्याच्याबरोबर उचलला जातो. काही पानांवर शाईनेच कागद खाल्ला आहे. जुन्या लोहयुक्त शाईत आम्ल असते, जिथे ओळ जाड तिथे कागदाला अक्षराच्या आकाराची भोके पडतात. अशी पाने उलटताना खाली जाड पुठ्ठा सरकवून पान त्याच्यासकट उलटायचे.

२० जानेवारी

साफसफाई. मऊ रुंद ब्रश, शिवणीपासून बाहेरच्या बाजूला. फडके अजिबात नाही, ओले तर नाहीच. तोंडाला मास्क लावायलाच हवा, बुरशीची धूळ छातीत बसते. वह्या उन्हात घालू या, असे जुन्या मंडळींनी सुचवले. नको म्हटले, उन्हाने शाई उडते. डांबरगोळ्याही काढून टाकल्या. त्यांचा वास माणसाला वाईट आणि आत घुसलेल्या कसरीवर परिणाम थोडा.

जिवंत कीड दिसली त्या वह्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून सीलबंद केल्या आणि मंडळीतल्या एकांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवड्यांसाठी ठेवायला दिल्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटते. याला खर्च काही नाही.

२ फेब्रुवारी

तरुण संघाच्या मुलांनी फोनवरच्या स्कॅनिंग अॅपने काम झपाट्याने सुरू केले. चांगली शंभरेक पाने झाल्यावर मूळ वहीशी ताडून पाहिली, तेव्हा लक्षात आले की समासातल्या पेन्सिलीच्या खुणा फोटोत नाहीत. अॅप कागद पांढराशुभ्र करून देते आणि फिकट ते सगळे डाग समजून पुसते. आणि खरी माहिती नेमकी त्या पेन्सिलीच्या शेऱ्यांत आहे : कोण मुंबईला गिरणीत गेला, कोण मंडळी सोडून गेला, कोणाचे नाव दोनदा आले. ती सगळी पाने पुन्हा करावी लागणार.

सपाट काचेचा स्कॅनरही बाद. वही उलटी दाबली की शिवण तुटते.

९ फेब्रुवारी

गावच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी स्टँड करून घेतला, वर कॅमेरा खाली तोंड करून बसतो. १,८०० रुपये. दोन एलईडी पॅनेल, दोन्ही बाजूंनी तिरके, मिळून २,६०० रुपये. पानावर ठेवायला कडा घासलेली काच ३५० रुपये. कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका भावाने वापरायला दिला.

खोलीतली ट्यूब बंद ठेवायची, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात. कॅमेऱ्याची आणि फोटो काढणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टाची सावली काचेत दिसत होती. स्टँडला काळे कापड बांधले, मुलांना काळे शर्ट घालून यायला सांगितले. प्रत्येक वहीच्या पहिल्या फोटोत फूटपट्टी आणि रंग ताडायला एक राखाडी कार्ड. वही पूर्ण उघडायची नाही, दोन्ही बाजूंना उशा देऊन जेवढी सहज उघडते तेवढीच. आधी सगळी उजवी पाने, मग सगळी डावी, म्हणजे दर पानाला फोकस बदलावा लागत नाही. यात दोन पाने एकदम उलटली जाण्याचा धोका आहे, म्हणून संध्याकाळी डावी-उजवी संख्या जुळल्याशिवाय उठायचे नाही.

१६ फेब्रुवारी

फाइलींना मराठी नावे दिली होती. झिप करून दुसऱ्या जुन्या संगणकावर उघडली तर नावांच्या जागी चौकोन. आता फक्त आकडे : वही ०१, पान ०४५. कोणती वही कशाची, ते एका वेगळ्या तक्त्यात. तक्ता छापून पेटीतही ठेवला.

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो. तपासायला पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

९ मार्च

वह्या वाचायला लागलो. इतक्या जुन्या वह्या मराठीत कशा, असे मुलांनी विचारले. गोऱ्या साहेबांची मंडळी म्हणजे इंग्रजी असणार, असे त्यांना वाटत होते. त्याचे कारण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे हे मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या संस्थेचे, पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. नगरला ठाणे पडले १८३१ मध्ये. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः पाहणीला आले. गावच्या मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा आणि प्रचारही आपणच करावा, हा त्यांचा आग्रह. इंग्रजी शाळांपेक्षा देशी भाषेवर भर देण्याचे धोरण त्यांनी लावले. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीचा पाळक मराठी, तेव्हा मंडळीचे दप्तरही मराठी.

या धोरणाचे तोटेही झाले. इंग्रजी शिक्षण हवे असलेली मुले इतरांच्या शाळांत गेली. पण आज आपल्या हातात जे आहे, ते त्यामुळेच आहे.

२३ मार्च

जुन्या वह्यांचा मोठा भाग मोडीत. बालबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर येते, पण मोडी आमच्यापैकी कोणालाच येत नाही. छापील मराठी वाचणारी संगणकाची साधने या हस्ताक्षरापुढे चालली नाहीत, नुसती अक्षरांची रास आली. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ पासून जागा आहे, त्यामुळे वाचलेले मोडीत टंकता येते. वाचायला मात्र माणूसच हवा.

पुराभिलेख खात्याकडून आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडून मोडीचे वर्ग चालतात, हे इतरांसाठी सांगून ठेवतो. आम्हाला तालुक्याच्या गावी एक निवृत्त गुरुजी मिळाले. ते ख्रिस्ती नाहीत. तरी दर रविवारी उपासना सुटायच्या वेळेला येऊन बसतात, मानधन घेत नाहीत, एसटीचे भाडे तेवढे घेतात. त्यांच्या शेजारी दोन मुली बसवल्या आहेत, म्हणजे विद्या गावात राहील.

मोडीत आधी सलग रेघ ओढून तिला अक्षरे टांगलेली असतात, शब्द तुटत नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. मजकूर संदर्भाने लागतो, नावे लागत नाहीत. म्हणून नाव वाचताना गावातल्या एका आजींना शेजारी बसवतो. गुरुजी दोन-तीन वाचने सांगतात आणि आजी म्हणतात, “ते राणूच. त्यांचा वाडा वेशीपाशी होता.” ज्या नावाबद्दल दोघांची खात्री नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह. अंदाजाने शुद्ध करून लिहायचे नाही.

६ एप्रिल

आज इतिवृत्ताच्या वहीतले एक पान पूर्ण लागले आणि खोलीतले सगळे त्याभोवती गोळा झाले. पाळकाचा पगार मंडळीने कसा द्यायचा, यावर सभा. डाव्या बाजूला नावे, ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. उजव्या बाजूला कोणी किती द्यायचे : कोणाचे जोंधळे दोन पायल्या, कोणाची बाजरी, कोणाचे आणे. तीन नावे ‘अमकी कोम तमका’ अशी, म्हणजे बायकांची, आणि त्यांच्यापुढे शेरांत आकडे. एका नावापुढे धान्य नाही, तो महिन्यातून दोन दिवस देवळाच्या (चर्चच्या इमारतीच्या) भिंतीचे काम करील, असे लिहिले आहे. खाली दोन सह्या, बाकी अंगठे. अंगठ्यांच्या शाईत बोटाच्या रेषा अजून स्पष्ट दिसतात.

मंडळीने आपला खर्च आपण उचलावा, हे वाक्य बोस्टनला छापले गेले. ते ज्यांनी पायलीने मापून घातले, त्यांची नावे फक्त या पानावर आहेत. ही माणसे बहुतेक महार आणि मांग समाजातली, वतनाच्या तुकड्यावर आणि मोलमजुरीवर जगणारी. मराठी ख्रिस्ती इतिहास म्हटला की लोकांना नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात, बाबा पदमनजी आठवतात. आठवावेतच. पण त्यांनी स्वतःचे लिहून ठेवले. जोंधळे देणाऱ्यांनी लिहिले नाही, त्यांच्याविषयी वहीने लिहिले. ही वही गेली की ती माणसे गेली. हे काम का करतो, असे कोणी विचारले तर हे पान दाखवावे.

४ मे

मिशनच्या छापील इंग्रजी वार्षिक अहवालांतले आकडे आमच्या बाप्तिस्म्याच्या वहीशी जुळेनात. काही वर्षी वहीत दुप्पट. वाचण्यात चूक असेल म्हणून पाने पुन्हा तपासली, त्यात आठवडे गेले. उलगडा साधा निघाला : अहवालात सभासद म्हणून मोजलेले लोक म्हणजे प्रभुभोजन, उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी, घेणारे. बाप्तिस्मा झालेली लेकरे त्यात नाहीत. ज्यांना तुलना करायची आहे त्यांनी सभासदांची यादी घ्यावी, बाप्तिस्म्याची वही घेऊ नये.

अहवाल इंटरनेटवर पुष्कळ सापडतात. अमेरिकन बोर्डाची मूळ पत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. तिकडचे तिकडे नीट जपलेले आहे. चिंता इकडच्या कपाटांची आहे.

१८ मे

‘जात’ हा रकाना. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांत तो आहे. ही पाने सर्वांसाठी खुली करायची का, यावर आज कमिटीत दोन तास चर्चा.

एक बाजू : ज्या ओळखीचा जाच चुकवायला आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, ती नावासकट जगाला दाखवायची कशाला? लग्न जमवताना लोक बघतील. बोलणाऱ्या मावशींचा आवाज कापत होता.

दुसरी बाजू : हा रकाना कुटुंबांच्या गरजेचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा राहिला नाही. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेले महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात आणि त्या दाखल्याच्या पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद तिथे मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाइतकी मोलाची असते.

दोन्ही खरे आहे. ठरले ते असे : मूळ फोटोत काहीही झाकायचे नाही, तो मंडळीकडे जसाच्या तसा. बाहेर देण्याच्या प्रतीत तो रकाना झाकलेला. कुटुंबातल्या माणसाने अर्ज केला की त्याच्या घराण्याची पूर्ण नोंद पाळकाच्या सहीशिक्क्याने, फी न घेता. आणि शंभर वर्षांच्या आतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी बाहेर नाहीतच.

झाकलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये आणि वेगळ्या डिस्कवर ठेवावी. एकाच ठिकाणी ठेवली की आज ना उद्या चुकीची फाइल जाते.

१ जून

इतिवृत्तात शिस्तीची प्रकरणे येतात. जत्रेला गेला, दारू प्याला, मुलीचे लग्न मंडळीबाहेर लावले, म्हणून प्रभुभोजनातून काढले; पश्चात्ताप केला, परत घेतले. नातवंडे गावातच आहेत. माझे मत होते की सगळे खुले करावे, कारण गावाने माणसांना कसे वागवले तेही इतिहासच आहे. कमिटीचे मत पडले की नावे झाकून मजकूर द्यावा. कमिटीचे मानले. जत्रेचा पान-पानभर वाद वाचण्यासारखा आहे आणि त्याला नावांची गरज नाही.

२२ जून

पाऊस. खोलीत ओल. काम बंद. वह्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पिशव्यांसह, जमिनीपासून आणि भिंतीपासून लांब लाकडी फळीवर. जेल गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवून परत वापरता येते. तो तवा नंतर स्वयंपाकाला घ्यायचा नाही. प्लास्टिकच्या घट्ट डब्यात वही ठेवू नये, आत घाम धरतो.

पावसाळ्यात वाचनाचे काम फोटोंवरून चालू.

१३ जुलै

पुरण्याच्या वहीतला ऑक्टोबर १९१८. एरवी पानावर दोन-तीन महिन्यांच्या नोंदी बसतात. इथे एका आठवड्याला पान पुरत नाही. मुंबई इलाख्यात त्या शरदात इन्फ्लुएन्झाची लाट होती, पुस्तकात वाचलेले असते. वहीत ती अक्षरात दिसते. आधीचे वळणदार, आखीव अक्षर महिन्याच्या मध्यावर तुटक होते, रकाने सुटतात, वय लिहायचे राहते, ‘कारण’ या रकान्यात नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा. मग अक्षरच बदलते. नव्या अक्षरातली तिसरी नोंद आधी लिहिणाऱ्या मास्तरांची आहे.

गुरुजींनी ती ओळ वाचून चष्मा काढला. मग पुढच्या ओळीवर गेले, कारण त्या पानावर अजून सात नावे होती.

१७ ऑगस्ट

फाटक्या वह्या बांधून घेण्याचा प्रश्न. शहरातल्या एका बाइंडरने एक वही घेतली, कडा कापून सरळ केल्या आणि खळीत मोरचूद घातले. कडा कापताना समासातली अक्षरे गेली. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण त्यातले तांबे कागद ठिसूळ करते. फोटो आधी काढलेले होते म्हणून मजकूर वाचला. वही फोटो होण्याआधी कोणाच्याही हाती देऊ नये. लॅमिनेशन तर कधीच नाही, ते परत काढता येत नाही.

बाकीच्या वह्या बांधल्या नाहीत. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची साधी खळ, एवढेच. पुण्यातल्या एका जाणकार बाईंनी फोनवर शिकवले. पाण्याने सुटणारी खळ, म्हणजे पुढे कोणाला अधिक चांगले करता आले तर आमचे काढून करता येईल.

१४ सप्टेंबर

देवळात वाचन. उपासनेनंतर जोंधळ्यांची यादी मोठ्याने वाचली. शंभर वर्षांपूर्वीची असल्याने नावांसकट, आणि त्या घरांची आधी परवानगी घेऊन. प्रत्येक नावाला कोणी ना कोणी हात वर करत होते. दोन नावांना कोणी नव्हते. मागच्या बाकावरून एकजण उठून म्हणाले की ती घरे १९७२ च्या दुष्काळात पिंपरी-चिंचवडला गेली, नंबर मिळवून देतो.

वेबसाइटचा विचार होता, सोडला. दरवर्षी पैसे कोण भरणार, आणि तरुण मुले नोकरीला बाहेरगावी जातात. त्याऐवजी झाकलेली प्रत इंटरनेट आर्काइव्हवर, तिथे भाडे नाही. शिवाय चोवीस पानी छापील पुस्तिका, ३०० प्रती, ९,६०० रुपये, घरटी एक. म्हाताऱ्या माणसांना कागदच हवा असतो. छापल्यावर तीन घरांतून जुने फोटो आणि एक कीर्तनाची वही बाहेर आली. कृष्णराव सांगळ्यांपासून चालत आलेली ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आपल्या गावात होती, हे पुस्तकी ज्ञान होते. ही वही गावच्याच एका मास्तरांच्या हातची, पदांवर रागांची नावे घातलेली.

५ ऑक्टोबर

खर्च : स्टँड, दिवे, काच ४,७५०. दोन हार्डडिस्क ९,२००. पुस्तिका ९,६००. जपानी कागद, ब्रश, सुती कापड, सिलिका जेल ३,४००. गुरुजींचे भाडे आणि चहापाणी २,१००. एकूण २९,०५० रुपये. बाइंडरचे पैसे यात धरलेले नाहीत, ते त्याने परत केले. निम्मे मंडळीच्या वर्गणीतून, निम्मे मुंबई-पुण्याला असलेल्या गावकऱ्यांनी दिले.

पुन्हा करायचे झाले तर हार्डडिस्क पहिल्याच दिवशी घ्यावी. दोन डिस्क दोन गावांत, तिसरी प्रत ऑनलाइन. प्रत्येक फोल्डरचा चेकसम (फाइल बिघडली किंवा बदलली का ते कळणारा आकडा) काढून ठेवावा आणि सहा महिन्यांनी ताडून पाहावा.

९ नोव्हेंबर

राहिलेले काम : वर्गणीच्या हिशेबाच्या चार वह्या, ‘ज्ञानोदया’च्या सुट्या अंकांची यादी, आणि बायबल वाचायला गावोगाव हिंडणाऱ्या बायांच्या महिनेवारी अहवालांचा एक गठ्ठा, जो पेटीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला निघाला. त्यांत कोणत्या गावी कोणाच्या ओसरीवर बसल्या आणि बायकांनी काय विचारले, ते रोजच्या रोज लिहिले आहे. अक्षर बालबोध, पेन्सिलीचे, पुसट. दिवा अगदी आडवा धरला तर वाचता येते. पुढच्या रविवारपासून हाच गठ्ठा आधी घेणार, हिशेबाच्या वह्या थांबतील.